गाव कोणतं तुमचं?

ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं की पहिल्याच लंच-ब्रेकला हा प्रश्न येतो. डबे उघडतात, कुणाची भेंडी कुणाच्या डब्यात जाते, आणि मग हळूच, "मॅडम, गाव कोणतं तुमचं?" मी सांगते, "सातारा." समोरच्याची मावशी नाहीतर आत्या कराडला असतेच. विषय संपतो.

फेब्रुवारी २०२० मधल्या एका सोमवारी मात्र तो संपला नाही. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होते. हिरवागार डोंगर, आणि त्याची अख्खी एक बाजू काळ्या शिऱ्यासारखी सुटून खाली नदीत चाललेली. शेजारच्या पंचविशीतल्या कलीगनं डोकावलं. "बाप रे, माळीणसारखं! कुठे झालं हे?"

"आमच्या गावाला," मी बोलून गेले.

"साताऱ्याला??"

"नाही रे. वेल्सला."

सगळे हसले. मी जोक केला असं वाटलं त्यांना.

जोक नव्हता. माझं अर्धं लहानपण साउथ वेल्समध्ये, रॉन्दा वाख नावाच्या चिंचोळ्या खोऱ्यात गेलं. (स्पेलिंगवर जाऊ नका. वेल्श भाषेत दोन 'डी'चा उच्चार 'द'च्या जवळ जातो, 'एफ'चा 'व' होतो आणि 'सीएच'चा खणखणीत 'ख'. मराठी जिभेला काहीच त्रास नाही. त्रास देतो तो डबल 'एल'. त्यासाठी जीभ दाताला लावून बाजूनं हवा सोडावी लागते. बाबा आरशासमोर प्रॅक्टिस करायचे आणि आई हसून लोळायची.) व्हिडिओतली जागा टायलर्सटाउन. आमच्या घरापासून अगदी जवळ. डेनिस वादळाच्या पावसानं तिथला सुमारे ६० हजार टन माल खाली आला. सुदैवानं कुणाला काही झालं नाही.

आणि तो डोंगर नव्हताच. ती 'टिप' होती. खाणीतून कोळशाबरोबर जो दगड-माती-भुगा निघतो, तो शंभर वर्षं वर नेऊन टाकला की जे तयार होतं, ते. त्यावर गवत उगवलं की लांबून डोंगरच वाटतो. वेल्समध्ये आजही अशा बंद टिप्स अडीच हजारांच्या वर आहेत.

तर, एक मराठी मुलगी तिथे कशी पोचली?

बाबा डॉक्टर. मुंबईत शिकलेले. १९७४ मध्ये, मी काही महिन्यांची असताना, ते आम्हाला घेऊन तिकडे जी.पी. म्हणून गेले. त्या काळात साउथ वेल्सच्या खोऱ्यांमध्ये गावोगाव भारतीय उपखंडातले डॉक्टर होते. कारण सोपं होतं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांना तिकडे जायचं नसायचं. पाऊस, धूळ, खोकणारे पेशंट आणि संध्याकाळी करायला काही नाही! आपल्याकडे गडचिरोलीला पोस्टिंग मिळाल्यावर काहींचं तोंड होतं ना, तसंच.

बाबांना मात्र गाव आवडलं. ते म्हणायचे, ही सगळी फुकट औषधपाण्याची कल्पना या लोकांचीच आहे. खरंच आहे ते. शेजारच्या भागातल्या ट्रेडेगर गावात खाणकामगार आपल्या पगारातून थोडे थोडे पेन्स कापून द्यायचे आणि त्यातून सगळ्या गावाचा दवाखाना चालायचा. त्याच गावचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे मंत्री झाला आणि १९४८ मध्ये त्यानं ती कल्पना अख्ख्या ब्रिटनला लागू केली. म्हणजे एका अर्थी बाबांचा पगार खाणीतूनच निघत होता.

गाव म्हणजे काय, तर डोंगराच्या उतारावर एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा. चाळच, फक्त उभी न करता आडवी टाकलेली. मध्ये एक नदी, ती काळी. कोळसा धुतलेलं पाणी त्यात यायचं, त्यामुळे चित्रकलेच्या तासाला नदीत काळा रंग भरायचा असतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वर मार्डीची खाण. आमच्या गावातले बरेचसे पुरुष तिथे कामाला.

शाळा सुटल्यावर मी बोपाकडे असायची. बोपा म्हणजे त्या खोऱ्यातली मावशी-आत्या-शेजारच्या काकू सगळं एकत्र. नातं असायलाच हवं असं नाही. ही बोपा माझ्या मैत्रिणीची आजी. आई दवाखान्यात रिसेप्शन सांभाळायची, म्हणून दुपारी साडेतीनपासून मी हिच्या ताब्यात. तिच्या स्वयंपाकघरात एक जाड लोखंडी तवा होता, त्यावर ती मनुका घातलेले छोटे गोड वेल्श केक भाजायची. आईनं तो तवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी पीठ मळूनच घेऊन गेली. बोपाच्या तव्यावरची आईची पोळी हा पुढे त्या गल्लीत चर्चेचा विषय झाला.

आणि एक 'कुच' होतं. वेल्शमधला हा एकदम गोड शब्द. जिन्याखालची कोंदट जागा म्हणजे कुच, कोळसा ठेवायची खोली म्हणजे कुच आणि कुणी जवळ घेऊन घट्ट मिठी मारली तर तेही कुच. पडले-रडले की बोपा हात पसरायची, "कम हिअर, कुच." मिठीला आणि कोळशाच्या खोलीला एकच शब्द असलेली दुसरी भाषा मला अजून भेटलेली नाही.

कोळसा खाणकामगारांना पगाराचा भाग म्हणून मिळायचा. पोत्यात वगैरे नाही! ट्रक यायचा आणि घरासमोर रस्त्यावर धडाम्‌ करून ढीग ओतून निघून जायचा. मग बादल्या, घमेली, फावडी. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, त्यांचा ढीग आधी उचलायचा. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. आम्ही पोरं छोट्या बादल्या घेऊन धावायचो. सगळं झालं की बायका फुटपाथ घासून धुवायच्या. आम्ही डॉक्टरांचं घर, त्यामुळे आम्हाला काही ट्रक यायचा नाही. पण महिन्यातून एक-दोनदा सकाळी मागचं दार उघडलं की दोन बादल्या भरून ठेवलेल्या असायच्या. कुणी ठेवल्या ते कधी कळायचं नाही. आई रिकाम्या बादल्यांत चिवड्याच्या पुड्या ठेवून द्यायची.

बोपाचा नवरा, ग्रॅन्शा, खिडकीशी खुर्चीत बसलेला असायचा. त्याला 'डस्ट' होती. फुप्फुसात कोळशाची धूळ बसून होणारा तो आजार सगळ्या गावात एवढ्याच शब्दानं ओळखला जायचा. डॉक्टरांचं एक पॅनेल तपासून टक्के ठरवायचं, आणि त्या टक्क्यांवर भरपाई. एकदा मैत्रिणीनं शाळेत सांगितलं, "आमच्या ग्रॅन्शाला पन्नास टक्के मिळाले." मी मनात म्हटलं, चला, पास झाला! घरी येऊन ते बाबांना कौतुकानं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले.

टिपवर खेळायला मात्र सक्त मनाई होती. पत्र्यावर बसून घसरायला काय मजा येते हे मैत्रिणीकडून ऐकून होते, पण बोपा या एका गोष्टीत ऐकायची नाही. दोन खोरी पलीकडे अबरवान आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, तिथली टिप खाली आली. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. आपलं काम खाणीच्या पोटात आहे आणि मरण खालून येणार, हे या लोकांनी धरलेलं होतं. ते वरून, शाळेवर आलं. चौकशीत दोष कोळसा बोर्डावर ठेवला गेला. तरीही उरलेल्या टिप्स हलवायला लोकांनी मदत म्हणून जमवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले! ते परत मिळाले १९९७ मध्ये. हे मला खूप नंतर वाचून कळलं आणि अजूनही आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा एवढंच कळायचं की ऑक्टोबरमधला तो एक दिवस बोपा रेडिओ लावत नाही.

मार्च १९८४ मध्ये संप सुरू झाला. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नसेल. थॅचरबाईंच्या सरकारला तोट्यातल्या खाणी बंद करायच्या होत्या, खाण बंद म्हणजे गाव बंद, एवढं साधं गणित. मी दहा वर्षांची. पहिले काही महिने आम्हा मुलांना तर सुट्टीसारखेच वाटले. वडील लोक घरी! रस्त्यावर रग्बी! मग हळूहळू ट्रक यायचे बंद झाले. मागच्या दारातल्या बादल्याही. शनिवारची चिप्स बंद झाली. मैत्रिणीच्या बुटाला भोक पडलं तर आत पुठ्ठा आला. वर्कमेन्स हॉलमध्ये बायकांनी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला, घरोघर अन्नाच्या पिशव्या जायला लागल्या. आईनं मसुराच्या आमटीचं मोठं पातेलं पाठवायला सुरुवात केली. मुलं त्याला 'डॉक्टर्स सूप' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात कुणी तोंड लावलं नाही.

आता जे सांगायचंय ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

माझे काका, बाबांचे थोरले भाऊ, परळला गिरणीत होते. बाबांच्या कॉलेजची फी त्यांच्या पगारातून गेली. काकांनी रात्रपाळ्या केल्या म्हणून बाबा डॉक्टर झाले, आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. काकाही. पुढचं तुम्हाला ऐकून माहीत असेल. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आणि १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये काकांचं निळं एअरमेल पत्र आलं. खोली सोडली, सामान बांधलं, साताऱ्याला शेतावर जातोय. तू पैसे पाठवू नकोस.

बाबांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं. घडी घातली. खूप वेळ गप्प बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे पण हरणार. दादासारखेच."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात मैत्रिणीशी कशावरून तरी भांडण झालं. बहुतेक दोरीवरच्या उड्यांवरून. आणि मला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. मी म्हटलं, "माय डॅड सेज यू आर गोइंग टू लूज."

वाक्याचा पहिला अर्धा भाग मी भाषांतर केला. 'दादासारखेच' गाळलं.

गावात बातमी पसरायला व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. त्या दुपारी बोपानं दार उघडलं, मला आत घेतलं, समोर दूध ठेवलं. पण "कुच" म्हणाली नाही. मैत्रीण वर माडीवरच राहिली. ग्रॅन्शानं खुर्ची जरा खिडकीकडे वळवून घेतली. कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि तेच फार वाईट होतं. दुसऱ्या दिवशी आमटीचं पातेलं हॉलमधून भरलेलंच परत आलं. संध्याकाळी दवाखान्यात एका पेशंटनं शर्टाची बटणं लावता लावता बाबांना विचारलं, "सो, वी आर लूजिंग, आर वी, डॉक्टर?"

बाबा घरी आले तेव्हा मी जिन्याखाली, आमच्या कुचमध्ये जाऊन बसले होते. मला वाटलं मार बसणार. त्यांनी फक्त विचारलं, "तू काय सांगितलंस? शब्द न्‌ शब्द सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "चप्पल नको, बूट घाल. पाऊस आहे."

काकांचं पत्र खिशात घालून ते मला घेऊन थेट वर्कमेन्स हॉलच्या स्वयंपाकघरात गेले. वीस-पंचवीस बायका होत्या. बोपा एका टेबलाशी बटाटे सोलत होती. सगळ्यांची तोंडं बंद झाली. बाबांचं इंग्लिश उत्तम होतं, पण घाबरले की ते साताऱ्याच्या हेलात बोलायचे. त्या दिवशी ते तसंच बोलले. भावाबद्दल सांगितलं. फीबद्दल, रात्रपाळीबद्दल सांगितलं. पत्र काढून तिथल्या तिथे इंग्लिश करत वाचलं, 'तू पैसे पाठवू नकोस'पर्यंत. मग म्हणाले, "माझ्या मुलीनं सांगितलं ते मी बोललो. पण मी ते माझ्या भावासाठी बोललो."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सिनेमा नव्हता तो. एका बाईनं तर सरळ म्हटलं की मनात होतं ते मनातच ठेवायचं होतं, डॉक्टर. मला आजही वाटतं, तिचं काही चुकलं नाही. बोपानं मात्र हातातला बटाटा संपवला, पाण्यात टाकला आणि बाबांना म्हणाली, "बस मग, डॉक्टर बाख. सुरी तिकडे आहे बघ." बाख म्हणजे बाळ.

बाबांनी घरी जन्मात कधी बटाटा सोललेला नव्हता. कोट काढून, बाह्या वर करून ते तासभर सोलत बसले. सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता. शेवटी बोपानंच सुरी काढून घेतली, म्हणाली, "तू औषधंच दे बाबा, आम्हाला एवढी नासाडी परवडायची नाही." तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मैत्रीण बोलायला लागली ती ख्रिसमसच्या आसपास. फ्रान्समधल्या कामगार संघटनांनी संपकऱ्यांच्या मुलांसाठी खेळणी पाठवली होती, त्यातली एक बाहुली तिला आली. ती तिनं मला अर्धा दिवस हातात दिली नाही, आणि मग दिली.

संपाचं सगळंच काही शूर आणि सुंदर नव्हतं. ३० नोव्हेंबरला, संप फोडून कामाला जाणाऱ्या एका खाणकामगाराला टॅक्सीतून नेत असताना वरच्या पुलावरून काँक्रीटचा ठोकळा टाकला गेला. टॅक्सीवाला मेला. तो काही खाणमालक नव्हता, पोट भरायला गाडी चालवणारा माणूस. त्या रात्री ग्रॅन्शा रडला, असं मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

१ मार्च १९८५, शुक्रवार. सेंट डेव्हिड डे. त्या दिवशी शाळेत मुली पारंपरिक वेल्श पोशाख करतात, लांब स्कर्ट, शाल, उंच काळी टोपी. टोपी बोपानं पुठ्ठ्याची केली. स्कर्टसाठी आईनं जुनी इरकल फाडली. माझा त्या दिवशीचा फोटो आहे, इरकलीचा काठ, खांद्यावर शाल, डोक्यावर चिमणीसारखी टोपी आणि छातीवर डॅफोडिल. दोन दिवसांनी, रविवारी, संप संपला. काहीही न मिळता.

मंगळवारी पहाटे अंधारात बाबा आम्हाला गाडीनं वर मार्डीला घेऊन गेले. वर्षभरात मार्डीच्या खाणीत एकही माणूस संप मोडून कामावर गेला नव्हता. एकही नाही. ती माणसं त्या दिवशी एकत्र परत जाणार होती. पुढे बॅनर, मागे बॅण्ड, मग पुरुष, बाजूनं बायका-मुलं टाळ्या वाजवत. मला वाटलं मिरवणूक आहे, म्हणून मीही हात हलवला. मैत्रिणीच्या वडिलांनी तोंड दुसरीकडे केलं नाही, त्यांनीही हात हलवला. आईनं डोळ्याला पदर लावला. बाबा ताठ उभे होते, टोपी काढून, पावसात.

१९८८ मध्ये आम्ही परत आलो. मार्डीची खाण २१ डिसेंबर १९९० ला बंद झाली, रॉन्दातली शेवटची. ग्रॅन्शा त्याआधीच गेला होता, पुढे बोपाही गेली. मैत्रीण कार्डिफला कॉल सेंटरमध्ये लागली. "आमचा कोळसा गेला, आता हे कामही तुमच्याकडे चाललंय," असं ती मला एकदा म्हणाली, आणि आम्ही दोघी फोनवर पोट धरून हसलो. मी हे तिच्याशी बोलत होते लोअर परळच्या ऑफिसातून. जिथे काकांची गिरणी होती, तिथून चालत पाच मिनिटं.

साताऱ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा काका गोठ्यात होते. बाबांशी ते फार बोलले नाहीत, दोघेही तसेच. रात्री अंगणात मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "तिकडच्यांचं काय झालं शेवटी?"

मी सांगितलं, "परत गेले कामावर. बॅण्ड वाजवत."

"बॅण्ड?" काका सरसावून बसले. "हरल्यावर बॅण्ड?"

"हो. सगळे एका रांगेत."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय वाजवत होते?"

मला आठवेना. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेले, तेव्हा काका एकदा तरी विचारायचे, आठवलं का गं? ते गेले तरी मला ते आठवलं नाही.

त्या फेब्रुवारीतल्या सोमवारी डबा तसाच ठेवून मी ऑफिसच्या जिन्यात गेले आणि मैत्रिणीला फोन लावला. सगळे ठीक होते. नदी पुन्हा काळी झालीये, ती म्हणाली, मधल्या वर्षांत तर मासे आले होते. मग मी तिला विचारलं, पस्तीस वर्षांपूर्वी त्या पहाटे बॅण्ड काय वाजवत होता? ती थांबली. तिनं एक नाव सांगितलं, लगेच म्हणाली, नाही, ते नाही. तिच्या आईला हाक मारून विचारलं. आईनं भलतंच काहीतरी सांगितलं. मागे दोघींचा वाद सुरू झालेला मला ऐकू येत होता.

"थांब," मैत्रीण म्हणाली, "भावाला विचारते. तो पुढेच होता."